रक्त वाढलं, पाय गेले

मी डॉक्टर नाही. मी ब्लाउज शिवते. कोराडीच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत माझं पायडलचं मशीन होतं आणि कॉलनीतल्या कितीतरी बायकांची मापं मला तोंडपाठ होती. रक्ताबद्दल तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की सुई बोटात गेली की ते येतं. तरीही लिहायला बसले आहे. "रक्त कमी आहे, टॉनिक घ्या" एवढ्यावर ज्यांची बोळवण होते, त्या बायकांनी हे वाचावं म्हणून. पुरुषांनीही वाचावं, पण ते वाचतील असं काही मला वाटत नाही.

*

सुरुवात दम लागण्यापासून झाली. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसायची, म्हणून ते वेळेत उचलावे लागत. जिन्याच्या वळणावर मी थांबायला लागले. एका हाताने कठडा धरायचा, दुसरा छातीवर.

"राखेनं होते," आमचे हे म्हणाले. "सगळ्या कॉलनीले होते."

सगळ्या कॉलनीला होत नव्हतं. शेजारच्या दुबेबाई माझ्या दुप्पट अंगाच्या, पण त्या भरली बादली घेऊन माझ्या बाजूने वर निघून जायच्या.

मग जीभ गेली. गेली म्हणजे लाल, गुळगुळीत झाली आणि तिखटाचा थेंब लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. विदर्भातल्या घरात सुनेने भाजीची वाटी बाजूला सारणं म्हणजे सासूचा अपमानच. सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "काहून वं शकू, जीभ काय सोन्याची झाली तुही?"

मी भात, साखर आणि कोरा चहा एवढ्यावर राहायला लागले. दूध मला लहानपणापासून नको वाटे. वासानेच मळमळायचं. घर आमचं माळकरी, तेव्हा अंडं-मटण हा विषयच नव्हता. दही विरजायचं, पण ते ह्यांच्या आणि मुलांच्या ताटात संपायचं. सासूबाई आणि मी मागून बसायचो, तोवर भांड्याला जे चिकटलेलं असेल ते. यात कोणी कोणावर जुलूम करत नव्हतं. तशीच पद्धत होती आणि ती आम्ही दोघीच चालवत होतो.

*

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले. जीभ दाखवा म्हणाले नाहीत. मी दाखवायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "राहू द्या, कळलं. रक्त कमी आहे. बायकांना असतंच."

हे "असतंच" मी नंतर इतक्या तोंडांतून ऐकलं, की आता कोणी म्हणालं तर माझी कानशिलं तापतात.

रक्त तपासायला पाठवलं. तेव्हाची तपासणी म्हणजे अशी: बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त एका नळीतल्या औषधात सोडायचं, ते तपकिरी होतं. मग थेंबथेंब पाणी घालत त्याचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळेपर्यंत पातळ करायचं. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. तेच तुमचं हिमोग्लोबिन. माझा जन्म दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवण्यात गेलेला. खिडकीच्या उजेडात जुळलेला दोरा दिव्याखाली वेगळाच दिसतो, हे मला माहीत. त्यामुळे आकड्याचा थोडाफार फरक धरून चालायचा, एवढं तिथे बसल्या बसल्याच कळलं. पण माझा आकडा थोड्याफार फरकाने सावरण्यातला नव्हता. साडेसहा. बारा तरी हवं होतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट दगडासारखं झालं आणि बाकी काही झालं नाही. घरात मात्र माझ्या रक्तावर सार्वजनिक काम निघालं. दुबेबाई रोज सकाळी खिडकीतून विचारायच्या, "बहनजी, चुकंदर खाया?" सासूबाईंनी लोखंडी कढई काढली आणि वरणापासून शिऱ्यापर्यंत सगळं तिच्यात शिजवायला घेतलं. शिरा काळा पडला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून लोखंडाची सळई लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवायची आणि ते पाणी मला उपाशीपोटी द्यायचं. गूळ-शेंगदाणे, खजूर, मनुका, चवळीची भाजी. माझी जीभ पेटलेली आणि समोर सगळ्यांचे प्रेमळ चेहरे. मी एवढं लोखंड खाल्लं, की चुंबक लावला असता तर चिकटला असता. पुन्हा तपासलं, तर आकडा जवळपास होता तिथेच.

"बराबर घेत नसशील," हे म्हणाले.

मी त्या दिवशी जेवले नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी नेहमीच शेवटी जेवत असे.

*

मग बस पकडून नागपुरात धंतोलीला. तिथल्या दवाखान्यात साऱ्या विदर्भातून आलेली माणसं बाकांवर, बाकांखाली, जिन्यात. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी आधीचे आकडे पाहिले, जास्त काही विचारलं नाही, आणि लोहाच्या जोडीला छोट्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. फोलिक अ‍ॅसिड.

आणि खरोखर, रक्त वाढलं. महिना-दीड महिन्यात आकडा दहाच्या घरात गेला. जिन्याच्या वळणावर थांबावं लागेना. ह्यांनी संत्रा बर्फी आणून कॉलनीत वाटली. सासूबाईंच्या मते हे सळईच्या पाण्याचं काम होतं, दुबेबाईंच्या मते बिटाचं. मीही हसत होते. फक्त पायांना काहीतरी होत होतं.

आधी मुंग्या. मग तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटू लागलं. एकदा बसस्टॉपवरून घरी आले तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठे निसटली ते मला कळलंही नव्हतं. तापल्या डांबरावरून मी तशीच चालत आले होते आणि तळव्याला फोड आला होता.

मशीनवर त्याहून वाईट. पायडल हे पायाने ऐकायचं काम असतं. कुठे थांबायचं, कुठे अर्धा दाब द्यायचा, ते डोळे सांगत नाहीत, पाऊल सांगतं. माझं पाऊल काही सांगेना. चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. एका नवरीच्या ब्लाउजच्या गळ्यावरून सुई सरळ पुढे निघून गेली. मुलीची आई कापड उचलून घेऊन गेली. त्यानंतर मी मशीनवर चादर टाकली.

धंतोलीच्या डॉक्टरांना पायांचं सांगितलं. त्यांनी आकड्याकडे बोट दाखवलं. "रक्त तर छान वाढलंय! आता मन रमवा जरा. भजन वगैरे करता का?" आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले, तेही मोठ्याने.

"रिपोर्ट चांगला आहे ना?" हे म्हणाले. "मंग काय होऊन राहिलं तुले? मी ड्यूटी करू, का तुह्या मुंग्या मोजू?"

"रिपोर्ट चालून दाखवतो का? पाय माझे आहेत!"

"डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते का?"

हे वाईट नव्हते. वीज केंद्रातल्या पाळीवरून यायचे तेव्हा अंगावर कोळशाची भुकटी आणि डोळ्यांत झोप असायची. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, की या माणसाला कागदावरची शकुंतला बरी झालेली दिसते आहे आणि समोर उभी असलेली दिसत नाही.

*

मला वाचवलं ते एका पडण्याने. न्हाणीघरात तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि जमीनच नाहीशी झाली. कोणी ढकललं म्हणावं तर आत मी एकटी. नळावर भुवई आपटली. रक्त वाहायला लागलं, तेच, एवढ्या मेहनतीने वाढवलेलं.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात टाके घालताना तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "घसरलात का?"

"नाही. डोळे मिटले म्हणून पडले."

त्याचा हात थांबला. टाके पूर्ण करून त्याने मला उभं केलं. पाय जुळवून, हात बाजूला. "आता डोळे मिटा. मी धरतो, घाबरू नका." मी मिटले आणि झाडासारखी कलले. त्याने धरलं. पायांना जमीन कळेनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा असतो, असं तो म्हणाला. त्या दिवशी मला घरी जाऊ दिलं नाही.

बायकांच्या वॉर्डात कॉट मिळाली. मे महिना होता, खिडकीत वाळ्याची ताटी. वर पाणी मारलं की तेवढा वेळ माणसात आल्यासारखं वाटायचं. सकाळी चादरी बदलायच्या, मग डॉक्टरांची फेरी, मग दूध-ब्रेड, मग भेटायला येणाऱ्यांची गर्दी. वॉर्डाच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, सुती पातळ, आवाज करडा. त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं, "जीभ दाखवा."

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "अहो, जीभ दाखवा म्हटलं. रडा म्हटलं नाही."

मग एक धातूचा चिमट्यासारखा काटा त्यांनी हातावर आपटला. तो गुणगुणायला लागला. माझ्या मनगटाच्या हाडावर ठेवला. झिणझिण जाणवली. घोट्यावर ठेवला. "वाजतंय?"

"काय वाजतंय?"

त्यांनी पुन्हा आपटून ठेवला. गुडघ्यापाशी आणला तेव्हा कुठे थोडंसं जाणवलं. मग त्यांनी पिवळ्या गोळ्यांची बाटली मागितली, नाव वाचलं आणि ती स्वतःच्या खिशात टाकली.

*

तपासण्या सुरू झाल्या. आता कळलं, की आजवर मोजला तो एकच आकडा होता. रक्त किती लाल, एवढंच तो सांगतो. पेशी कशा आहेत, ते तो सांगत नाही. त्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन दुर्बिणीखाली बघावं लागतं, आणि ते एवढ्या काळात कोणी केलंच नव्हतं. कुठून रक्त जातंय का, पोटात जंत आहेत का, तेही बघितलं. रोज सकाळी दंडाला रबरी नळी बांधायची आणि सिरिंज भरायची.

सासूबाई डबा घेऊन यायच्या त्या वेळी नेमकं हेच चाललेलं असायचं. "एक तर रक्त नाही," त्या नर्सला म्हणाल्या, "अन् वरून तुम्ही रोज उपसून राहिले. भरून कोण देईन?" सारा वॉर्ड हसला. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

सगळ्यात भीती होती ती छातीच्या हाडातून सुईने मज्जा काढायची. रक्त हाडात तयार होतं, म्हणून कारखान्यातच जाऊन बघायचं, असं डॉक्टर बाईंनी समजावलं. जागा बधिर करतात, सुई जाताना दाब कळतो. पण आतून खेचतात तो एक क्षण मी विसरणार नाही. जीवच कोणी नळीतून ओढतो आहे असं वाटलं. मग संपलं. ज्यांना हे करायचं असेल त्यांना सांगते, तो एकच क्षण असतो. बाजूला उभ्या नर्सने माझा हात धरला होता आणि मी तिला नखं लावली होती. तिने नंतर हात झटकला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाई खुर्ची ओढून बसल्या. हेही होते, सासूबाईही.

"लोह कमी नव्हतंच," त्या म्हणाल्या. "पेशी मोजक्या आणि मोठ्या मोठ्या, अर्धवट वाढलेल्या. बी-ट्वेल्व्ह म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते यांच्या अंगात नाही. दुधातून थोडं मिळतं, मांस-अंड्यातून मिळतं. काय खाता तुम्ही?"

"सगळं खाते," सासूबाई म्हणाल्या. "घरात काय कमी आहे?"

"दूध?"

मी मान हलवली.

"दही?"

सासूबाई हातातल्या डब्याचं झाकण घट्ट करायला लागल्या.

"ते पायाचं?" ह्यांनी विचारलं.

"नसांनाही तेच लागतं. पिवळ्या गोळीने रक्ताचा आकडा वर ढकलला, नसा मात्र उपाशीच. उलट आकडा बरा दिसला म्हणून कोणी पुढे बघितलं नाही."

"पण पाय नीट होईल ना?"

"लवकर आल्या असत्या तर हो म्हटलं असतं. आता इंजेक्शनं देऊन बघायचं."

त्या गेल्यावर हे कॉटच्या कडेला बसले. माझी पावलं मांडीवर घेतली आणि अंगठे दाबत राहिले. मला त्यातलं काही जाणवत नव्हतं. बघून कळत होतं, की दाबत आहेत. मला इतका राग आलेला होता, की तो कुणावर काढावा ते ठरेना. आणि त्यातही पुरुषमाणूस भर वॉर्डात बायकोचे पाय दाबतो म्हणून समोरच्या कॉटवरची म्हातारी टक लावून बघत होती, त्याची लाज वाटत होती.

*

ते औषध लालभडक असतं. डाळिंबाच्या रसासारखं. पहिली इंजेक्शनं रोजची. आता आणखी एक तपासणी, रक्तात नव्या कोवळ्या पेशी किती उतरल्या ते मोजायची. औषध बरोबर असेल तर आठवडाभरात त्यांची झुंबड उडते, नसेल तर काही नाही. आकडा वाढायला वेळ लागतो, पण ही तपासणी आधी खरं सांगते.

डॉक्टर बाई त्या सकाळी फेरीच्या आधीच आल्या. "आल्या!" म्हणाल्या. मला वाटलं कोणी पाहुणे आले. "पेशी आल्या हो! दाराबाहेर उभ्याच होत्या!" त्या करड्या बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्या दुपारी मी सासूबाईंच्या डब्यातली वांग्याची भाजी, झणझणीत, पुसून खाल्ली. जीभ पोळली नाही.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी पुन्हा काटा आपटून घोट्यावर ठेवला. लांबून माशी गुणगुणावी तसं काहीतरी वाटलं. वाटलं का वाटावंसं वाटलं, कोण जाणे.

सासूबाई स्टुलावर बसून हे बघत होत्या. त्यांनी पातळ सावरून पाय पुढे केला. "माह्याले लावून पाहा बरं," त्या गमतीने म्हणाल्या.

डॉक्टर बाईंनी हसत लावला. "वाजतंय, आजी?"

"कायचं वाजते?"

डॉक्टर बाईंचं हसू गेलं. दुसऱ्या पायाला लावला. गुडघ्याला लावला. कमरेच्या हाडापर्यंत नेला.

"तळव्यांची आग होते का?"

"होते ना. लय वर्षं झाले. ओलं फडकं गुंडाळून झोपतो मी."

ते ओलं फडकं आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं होतं. आम्हाला वाटायचं, नागपूरचा उन्हाळा. ते थंडीतही असायचं, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं.

त्यांचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनचा आकडा काही फार वाईट नव्हता. नुसता तोच मोजला असता, तर त्यांनाही घरी पाठवलं असतं. काचेवर मात्र माझ्यासारख्याच मोठ्या मोठ्या पेशी दिसल्या.

"असं आहे तर सांगितलं काहून नाही, माय?" ह्यांनी आईला विचारलं. आवाज चढला होता.

सासूबाई त्याहून चढल्या. "मले विचारलं कोणं?"

*

डॉक्टर व्हायची माझी इच्छा नाही, पण सांगायचं ते सांगते. रक्त कमी म्हणाले, तर कोणत्या प्रकारचं कमी, ते विचारा. थेंब काचेवर बघितला का, विचारा. कारण सापडायच्या आत स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका, शेजारणीच्या तर मुळीच नाही. पायांना मुंग्या येत असतील तर त्याही सांगा, समोरचा घड्याळाकडे बघत असला तरी. आणि जेवायला सगळ्यांच्या बरोबर बसा. आमच्या घरी आता बसतो. दह्याची वाटी मी नाक दाबून संपवते.

माझे पाय वर्षभरात बरेचसे परत आले. डाव्या अंगठ्याखाली अजून कापूस आहे. मशीनवरची चादर काढली. आधी पोती, मग पेटीकोट, मग हळूहळू ब्लाउज. इंजेक्शन जन्मभराचं आहे. सासूबाई आणि मी, दोघी एकाच दिवशी घ्यायला जातो आणि कंपाउंडरला दोघी मिळून रागावतो.

सासूबाईंचे पाय नाही आले. आग कमी झाली, पण खालची जमीन त्यांना कळत नाही. फार उशीर झाला होता.

मागच्या नवरात्रात कोराडीच्या देवीला गेलो होतो. पायऱ्यांवर त्या माझ्या खांद्याला धरून, नजर पावलांवर ठेवून एकेक पाय टाकत होत्या. बाजूने चढणारी एक अनोळखी बाई, डोक्यावर पदर, दम लागून थांबलेली, आमच्याकडे बघून म्हणाली, "भाग्य लागते बाई, अशी सून भेटाले. किती मायेनं धरून राहिली!"

"भाग्य कायचं वं?" सासूबाई जागेवरच थांबल्या. "मले पायरी समजत नाही, म्हणून धरलं. पायातल्या नसा गेल्या माह्या." मग त्यांनी त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अन् तू काहून थांबली? दम लागते? पायाले मुंग्या-बिंग्या येते का तुह्या?"

ती बाई हसायला लागली. मग हसायची थांबली आणि खाली आपल्या पावलांकडे बघत म्हणाली, "येते कधी कधी. काहून?"